झाडावरच्या कोळ्याची पेटी आणि बांधावरची ढोली

शेतकऱ्यांच्या मासिकांत कोळ्याच्या पेटीचें वर्णन कशासाठीं, असें वाचकांपैकीं कोणी विचारील. परंतु ज्या टॅरँटुला कोळ्यांसाठीं जर्मनी, इंग्लंड व अमेरिका येथील हौशी लोक घरच्या घरीं पेट्या तयार करितात, त्यांतील एक नामांकित कुळी केवळ भारत व श्रीलंका या दोन देशांतच आढळते. शास्त्रांत तिचें नांव पेसिलोथेरिया. पाय पसरले असतां हा कोळी हाताच्या पंजाएवढा भरतो. जुन्या झाडाची ढोली किंवा सुटलेली साल हें त्याचें मूळ घर होय. तेव्हां परदेशांतील ही पेटी म्हणजे आपल्याकडील ढोलीची नक्कल आहे, व नक्कल करूं जातां असलाची किंमत कळते.

आमचा भाचा नोकरीनिमित्त जर्मनींत असतो. तेथेंच पैदास झालेली एक मादी त्यानें पाळिली असून पेटीचीं मापें आम्हांस लिहून धाडिलीं आहेत. जमिनींत बीळ करणाऱ्या कोळ्यास पसरट पेटी चालते, झाडावरच्यास उंची पाहिजे. म्हणून लांबी-रुंदी ३० सेंटिमीटर, तर उंची ४५ सेंटिमीटर धरितात. दार वरून न ठेवतां पुढून ठेवावें. हे प्राणी पेटीच्या वरच्या भागांत राहतात. झांकण उचललें कीं कोळिष्टक फाटतें, किंवा कोळी सरळ हातावरून धांवत बाहेर येतो. पेसिलोथेरियाची चपळाई विलक्षण असून तिच्या दंशानें तीव्र वेदना होतात व स्नायूंस पेटके येतात, म्हणून दारास कडी हवीच.

खरी कसोटी हवेची. ज्यानें कांद्याची चाळ बांधिली आहे त्यास हें अधिक सांगणें नको. एका बाजूस खालीं व समोरच्या बाजूस वरतीं छिद्रें पाडिलीं म्हणजे हवा खेळती राहते. ओल पाहिजे, कोंदटपणा नको. दक्षिण अमेरिकेंत गुलाबी टोकाच्या पायांचे झाडावरचे कोळी असतात, ते नवशिक्यांच्या हातीं बहुधा कोंदट ओलीनेंच मरतात असा पाळणाऱ्यांचा अनुभव आहे. छिद्रांऐवजीं तारेची जाळी लावूं नये. तींत पायाच्या नख्या अडकतात. छिद्र कोळ्याच्या डोक्या-छातीच्या भागाहून बारीक असावें, कारण तेवढा भाग निघाला कीं मागचें मऊ पोट सहज निघतें. ॲक्रिलिकचा तक्ता घाईनें भोंकला तर तडकतो. कांचा सिलिकोननें चिकटविल्यावर त्याचा आंबूस वास पूर्ण जाईपर्यंत, मग आठवडा लागो, पेटी रिकामी ठेवावी.

आंत ढोली म्हणून पोर्तुगाल देशांतील बुचाच्या झाडाची नळीसारखी साल उभी, किंचित् कलती ठेवितात. खालीं नारळाच्या काथ्याचा भुसा पांच-सात सेंटिमीटर, व पाण्याची लहान वाटी. खाद्य रातकिड्यांचें. कोळी कात टाकीत असतां जिवंत किडा आंत ठेवूं नये, कारण त्या वेळीं किडाच कोळ्यास कुरतडतो. औषध फवारलेल्या शेतांतला किडा तर कधींच देऊं नये. मादी नीट ठेविली तर दहा वर्षांहून अधिक जगते.

आतां आपल्याकडील हकीकत. याच कुळींतील निळ्या रंगाची एक जात रेजिनाल्ड पोकॉक या प्राणिशास्त्रज्ञानें १८९९ सालीं वर्णिली. तो नमुना आंध्र प्रदेशांतील गुत्ती येथें रेल्वेच्या लांकडाच्या वखारींत मिळाला होता. पुढें शतकभर तिचा पत्ता नव्हता. २००१ सालीं ती गुत्तीपासून सुमारें १०० किलोमीटरवर, नंद्याळ व गिद्दलूर यांमधील जंगलांत सांपडली. म्हणजे गुत्ती हें तिचें गांवच नव्हे. तोडलेल्या लांकडाबरोबर ती आगगाडीनें तेथें आली असावी. घर गेलें तें गेलेंच, वर गांवाचें नांवही चुकीचें लागलें! आज ती अत्यंत धोक्यांतील जातींत गणली जाते, व लांकडासाठीं होणारी तोड हें त्याचें एक मोठें कारण आहे.

पेसिलोथेरियाची सारी कुळी २०१९ सालीं आंतरराष्ट्रीय व्यापार-नियंत्रणाच्या करारांत घातली गेली, आणि अशा जातींचा ताबा, पैदास व व्यापार यांचें नियमन २०२२ च्या दुरुस्तीनें आपल्या वन्य जीव संरक्षण कायद्यांत आलें. म्हणून कोणी पैसे देऊं करून झाडावरचे कोळी धरून मागितले, तर वाचकांनीं त्या व्यवहारांत पडूं नये. वन खात्यास कळवावें.

बांधावरचें जुनें झाड विकण्याचा प्रश्न मात्र ज्याचा त्यास सोडवावा लागतो. आमच्या दफ्तरीं झाडांची नोंद असे. ढोलीस रकाना नव्हता, आणि व्यापारीही पोकळ खोडाचा भाव पाडूनच देतो. अशा झाडाचे येणारे थोडे पैसे सोडून तें उभें ठेवणें परवडत असेल तर ठेवावें, असें आमचें मत आहे. ढोलींत कोण राहतें हें पाहावयाचें असल्यास रात्रीं विजेरी घेऊन जावें. हा कोळी अंधार पडल्यावर तोंडाशीं येऊन बसतो. हात मात्र आंत घालूं नये.