कागदावरची टीप

शिवणाच्या मशीनवर कागद शिवता येतो का, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर असतं, ‘येतो, पण...’ आज मी बोलणार आहे ते या ‘पण’विषयी.

भाचीच्या लग्नात पाहुण्यांना हाताने केलेलं काहीतरी द्यावं, असं माझ्या मनात आलं. तळहाताएवढ्या दीडशे वह्या करायचं मी कबूल करून बसले. वर जाड कव्हर, आत चार कागद, सगळे मधोमध दुमडलेले आणि घडीवर रंगीत दोऱ्याची टीप. मशीन घरात होतंच, आईचं. काळं, पायाने चालवायचं. याच मशीनवर ब्लाउज आणि परकर शिवून तिने आम्हा तिघा भावंडांच्या शाळेची फी भरली. आता तिचं वय चौऱ्याऐंशी. डोळ्यांना फारसं दिसत नाही, पण मशीनला तेल कधी घातलं ते तिच्या लक्षात असतं.

“अगं, ते कापडाचं मशीन आहे, कागदाचं नव्हे,” ती म्हणाली. मी हसून सोडून दिलं.

पहिल्याच संध्याकाळी अकरा वह्या फुकट गेल्या. टीप दिसायला सुरेख यायची, पण वही दोन-तीनदा उघडली की कव्हर घडीवरच फाटायचं. दुसऱ्या दिवशी आईच्या परकराला पट्टी लावायला बसले, तर मशीन टाके सोडू लागलं. खोलीतून आईचा आवाज आला, “आवाज बदललाय त्याचा. काय केलंस?” त्या क्षणी मला वह्यांपेक्षा मशीनची काळजी वाटली.

दुरुस्ती करणारे कारागीर घरी आले. त्यांनी सुईखालची पट्टी काढली, तर कापड पुढे ढकलणाऱ्या दात्यांमध्ये कागदाचा भुगा तेल पिऊन घट्ट बसला होता. सुईचं टोक त्यांनी नखावर फिरवलं आणि विचारलं, “ताई, ही सुई कागदाला वापरलीत का?” मशीन बिघडलं नव्हतं. पण माझं कुठे चुकलं, ते पुढच्या अर्ध्या तासात मला नीट समजलं.

कापड म्हणजे उभ्या-आडव्या धाग्यांची वीण. सुई आत शिरते तेव्हा धागे थोडे बाजूला सरतात आणि सुई गेल्यावर पुन्हा जवळ येतात. कागदाला वीण नसते. लगद्यातले बारीक तंतू एकमेकांत अडकून वाळलेले असतात, त्यामुळे सुईने पाडलेलं भोक कायमचं. टीप चुकली तर कापडावर उसवता येते. कागदावर दोरा निघतो, भोकं राहतात.

पोस्टाची तिकिटं आठवा. १८४० सालचं ब्रिटनमधलं ‘पेनी ब्लॅक’ किंवा १८५२ सालचं ‘सिंध डाक’ या पहिल्यावहिल्या तिकिटांच्या कडांना भोकं नव्हती, ती कात्रीने कापावी लागत. पुढे ओळीत भोकं पाडणारी यंत्रं आली आणि तिकिटं नुसत्या हाताने सुटी होऊ लागली. मी मशीनवर बसून नेमकं हेच करत होते. सहा इंचांच्या घडीवर इंचाला दहा टाके म्हणजे साठ भोकं. फाटण्यासाठी यापेक्षा चांगली सोय ती काय!

म्हणून पहिला नियम, टाका लांब ठेवायचा. इंचाला सहा टाके घेतले की साठाची छत्तीस भोकं होतात. दुसरा नियम, टीप पक्की करायला सुरुवातीला आणि शेवटी मागेपुढे शिवायचं नाही. एकाच जागी दोनदा सुई गेली की तिथे कागद तुटतोच. दोऱ्याची टोकं लांब सोडावीत आणि हाताने गाठ मारावी.

सुई बोथट होण्याचंही कारण आहे. कागद गुळगुळीत आणि पांढरा दिसावा म्हणून त्यात खडू किंवा चिनी मातीसारखी खनिजं मिसळलेली असतात. ती सुईचं टोक झिजवतात. अशी सुई पुन्हा कापडाला लावली की धागे ओढले जातात, टाके सुटतात. कागदाची सुई वेगळीच ठेवावी. शक्यतो बारीक घ्यावी, अकरा किंवा चौदा नंबरची. सुई जाड असेल तर भोकही मोठं पडतं.

आता दोऱ्याचा ताण. मशीनच्या टाक्यात वरचा दोरा आणि बॉबिनचा दोरा एकमेकांत अडकतात. कापडात ही अडकण मध्यावर दडते. कागदात तेवढी जागा नसते, म्हणून ती वर किंवा खाली ठिपक्यासारखी दिसते. ती लपवण्यासाठी मी ताण वाढवत होते आणि घट्ट दोरा दोन भोकांमधला कागद कापत होता. ताण थोडा सैल करावा आणि दोन्हीकडे एकाच रंगाचा दोरा घ्यावा, म्हणजे ठिपके डोळ्यांत भरत नाहीत.

कागदही निवडून घ्यावा. चकचकीत कार्ड घडीवर लवकर तडकतं. सुती चिंध्यांपासून केलेला हातकागद जास्त सोसतो, कारण त्यातले तंतू लांब असतात. पुण्यात १९४० साली सुरू झालेल्या हातकागद संस्थेमुळे हा कागद आपल्याकडे ओळखीचा आहे. मी पुढच्या वह्यांना तोच वापरला. शिवाय घडीवर बाहेरून सुती कापडाची बोटभर पट्टी चिकटवली. दोऱ्याची ओढ मग कापडावर येते आणि दात्यांचे ओरखडेही त्या पट्टीखाली झाकले जातात.

चाक पायाने भरधाव फिरवू नये. निदान पहिले चार-पाच टाके हातचाकाने घ्यावेत. सुई सहज आत जात नसेल तर जोर न करता सरळ दाभण घ्यावं आणि घडीवर पाच भोकं पाडून वही हाताने शिवावी. काम झाल्यावर दात्यांमधला भुगा ब्रशने काढावा, मग तेल घालावं. आणि तेल घातल्यावर आधी चिंधीवर चार टिपा माराव्यात, नाहीतर पहिल्याच पानावर तेलाचा डाग पडतो.

एवढं सांभाळून दीडशे वह्या झाल्या. त्यातल्या तीसेक अखेर दाभणानेच शिवल्या. शेवटची वही मी आईच्या हातात दिली. तिने ती उघडली, पुन्हा मिटली आणि नखाने टीप चाचपत गेली.

“इंचाला सहा,” ती म्हणाली. मग जरा थांबून विचारलं, “सुई बदललीस ना? माझा परकर अजून राहिलाय.”