लहान मुलाची लहान जखम : दवाखान्यात नेताना

दसऱ्याच्या सुमारास आपल्या वाशिम जिल्ह्यात सोयाबीनची सोंगणी सुरू झाली, की घरातील कर्ती माणसे सकाळीच शेतावर जातात आणि दीड-दोन वर्षांचे मूल थोरल्या बहिणीच्या कडेवर राहते. ही बहीण पुष्कळदा आपल्याच प्राथमिक शाळेची विद्यार्थिनी असते. मूल उंबऱ्याला अडखळते, खाटेवरून पडते, चुलीवरून उतरविलेल्या भांड्याला हात लावते. अशा वेळी काय करावे, हा प्रश्न केवळ वैद्यकाचा नसून शिक्षणाचाही आहे. यास्तव शिक्षकबंधुभगिनींनी व अंगणवाडीताईंनी त्याचा विचार करणे अगत्याचे आहे.

प्रथम घरी करावयाचे उपाय पाहू. जखमेतून रक्त येत असेल तर स्वच्छ कापडाची घडी तीवर ठेवून दहा मिनिटे सलग दाबून धरावी. रक्त थांबले की नाही हे वरचेवर उचलून पाहू नये. हळद, चुना, कॉफीची पूड, माती यांपैकी काहीही जखमेत भरू नये. त्याने जखम दूषित होते आणि डॉक्टरांना ती प्रथम धुऊन काढावी लागते. भाजले असेल तर त्या भागावर वीस मिनिटे साधे थंड पाणी वाहू द्यावे. तूप, शाई किंवा दंतमंजन लावू नये.

काही इजा दिसावयास मोठ्या असल्या तरी साध्या असतात. कपाळावर आलेले टेंगूळ हे त्याचे उदाहरण. पडताक्षणी मूल मोठ्याने रडले, थोड्या वेळाने शांत होऊन खेळू लागले, तर सहसा भिण्याचे कारण नसते. मात्र पुढील एक-दोन दिवस लक्ष ठेवावे. याउलट मूल क्षणभर जरी बेशुद्ध झाले, पुनःपुन्हा ओकू लागले, अवेळी गुंगीत गेले, त्यास झटका आला किंवा नाका-कानातून पाण्यासारखा द्रव वा रक्त आले, तर मुळीच विलंब न करता रुग्णालय गाठावे. वर्षाच्या आतील मूल डोक्यावर आपटले असता ते बरे दिसत असले तरी डॉक्टरांना दाखवावे, हे उत्तम.

आता दिसावयास लहान, पण घरी न हाताळण्याजोग्या इजा पाहू. मुलास एका हाताला धरून झटक्याने उचलले असता कोपराचा सांधा किंचित सरकतो. मूल हात लोंबता ठेवते व हलवू देत नाही. जाणता डॉक्टर तो थोड्याच वेळात बसवितो. घरी ओढाताण करू नये. सोयाबीन, हरभरा किंवा तूर यांचा दाणा नाकात वा कानात गेल्यास काडीने कोरू नये, पाणीही घालू नये. ओलाव्याने दाणा फुगतो व अधिकच घट्ट बसतो. खेळण्यातील किंवा घड्याळातील चपटा सेल गिळला अथवा नाकात गेला असल्यास एक तासही दवडू नये.

कोठे जावे? साध्या जखमेसाठी जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र, टाके किंवा क्ष-किरण तपासणी लागेलसे वाटल्यास तालुक्याच्या ठिकाणचे शासकीय रुग्णालय, आणि इजा गंभीर असल्यास वाशिम येथील जिल्हा रुग्णालय. १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका निःशुल्क मिळते. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचारही निःशुल्क आहेत. खर्चाच्या धास्तीने घरी बसू नये. जाताना लसीकरणाचे कार्ड बरोबर घ्यावे. सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यात आणि पुढे सोळा ते चोवीस महिन्यांत दिल्या जाणाऱ्या लसींत धनुर्वाताची लसही असते. ती झाली आहे किंवा नाही, हे कार्डावरून डॉक्टरांना तत्काळ समजते.

रुग्णालयात मुलास आईच्या अथवा परिचित माणसाच्या मांडीवरच बसवावे. “काही दुखणार नाही” असे खोटे सांगू नये. “थोडे दुखेल, मी तुझ्याजवळ आहे, मग आपण घरी जाऊ” एवढे सांगितले म्हणजे पुरे. मूल रडले तर रडू द्यावे. रडणे हा गुन्हा नव्हे.

आणि येथेच आपल्या एका जुन्या सवयीचा विचार केला पाहिजे. “गप्प बैस, नाहीतर डॉक्टर सुई टोचतील,” ही धमकी घरोघरी ऐकू येते. क्वचित शाळेतही ऐकू येते. तिचा परिणाम काय होतो? गल्लीतील कुत्र्याचे पिल्लू मुलास ओरबाडते, दात किंचित लागतो. सुईच्या भयाने मूल किंवा त्यास सांभाळणारी बहीण ती गोष्ट लपविते. ओरखडा दोन दिवसांत सुकतो, आणि घरी कोणास काही कळत नाही. परंतु रेबीज या रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली, की माणूस बहुधा वाचत नाही. वेळेवर केलेल्या उपायाने मात्र तो निश्चित टळू शकतो. जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस सुरू करावी. डॉक्टर सांगतील त्या प्रत्येक तारखेस पुढील मात्रा घ्यावी. रक्त आले असल्यास लसीबरोबर सीरमही द्यावे लागते. ओरखडा लहान म्हणून सोडून देणे धोक्याचे आहे.

तात्पर्य, जखम लपविणारे मूल हे जखमी मुलाहून अधिक संकटात असते. म्हणून परिपाठाच्या वेळी शिक्षकांनी मुलांना एवढेच सांगावे : लागले, भाजले, कुत्रे चावले किंवा ओरबाडले, तर लगेच मोठ्या माणसास सांगा, कोणी रागावणार नाही. हेच वचन पालकसभेत पालकांकडूनही घ्यावे. ते दिले म्हणजे पाळलेही पाहिजे. कडेवर भावंड घेऊन बसलेल्या आपल्या विद्यार्थिनीला ज्या दिवशी न भिता खरे सांगता येईल, त्या दिवशी आरोग्यशिक्षणाचा पहिला पाठ पूर्ण झाला असे समजावे.