विश्लेषण : अंधांसाठी ‘बोलका’ चष्मा… खासगीपणा नेमका कोणाचा जातो?

कॅमेरा आणि एआय असलेला रे-बॅन मेटा हा स्मार्ट चष्मा मे २०२५ मध्ये भारतात विक्रीस आला. किंमत २९,९०० रुपयांपासून पुढे. रील बनवणाऱ्यांसाठी ती हौस आहे. दृष्टिहीन व्यक्तीसाठी मात्र हातातली पांढरी काठी न सोडता दुकानाची पाटी किंवा औषधाचे पाकीट वाचून घेण्याची ती सोय आहे. समोरच्याला न कळता चित्रीकरण करणारे यंत्र, अशी या चष्म्याची दुसरी ओळख. त्यामुळे ‘सोय हवी की खासगीपणा?’ असा प्रश्न विचारला जातो. पण प्रकरण इतके सरळ नाही.

आधी तरी खासगीपणा होता का?

बँकेचे पत्र, रक्ततपासणीचा अहवाल, घरी केलेल्या गर्भधारणा चाचणीवरच्या रेघा… दिसत नसेल तर हे सगळे दुसऱ्या कोणाकडून तरी वाचून घ्यावे लागते. हा ‘कोणीतरी’ बहुतेकदा घरातला, शेजारचा किंवा ऑफिसमधला असतो. म्हणजे ज्याच्यापासून गोष्ट लपवायची, तोच ती पहिल्यांदा वाचणार!

ही अडचण ओळखून, स्वतःची दृष्टी अधू असलेल्या हान्स यॉर्गन विबर्ग यांनी डेन्मार्कमध्ये ‘बी माय आइज’ अ‍ॅप उभे केले. ते २०१५ मध्ये सुरू झाले. व्हिडिओ कॉलवर अनोळखी स्वयंसेवक समोरचे वाचून दाखवतो. मार्च २०२३ मध्ये या अ‍ॅपने ओपनएआयच्या जीपीटी-४ वर चालणारा एआय मदतनीस जाहीर केला आणि वाचायला माणूसच हवा, ही अटही गेली. ओळखीच्या माणसापुढचा खासगीपणा परत मिळाला. फक्त आता चित्र कंपनीकडे जाऊ लागले.

‘खासगी कागद दाखवू नका’ हा सल्ला का चालत नाही?

अंध व्यक्तींनी काढलेल्या छायाचित्रांचा एक संग्रह अमेरिकेतील संशोधकांनी २०१९ मध्ये तपासला. खासगी मजकूर असलेली ५,५३७ छायाचित्रे आणि त्यांतल्या ८,८६२ खासगी जागा त्यांनी नोंदवल्या. यातील १,४०३ छायाचित्रांसोबत वापरकर्त्याने प्रश्नही विचारला होता आणि त्यातले ६२ टक्के प्रश्न थेट त्या खासगी मजकुराबद्दलच होते. साहजिक आहे. जो कागद वाचून हवा असतो, तोच खासगी असतो.

उरलेला धोका चौकटीच्या कडेचा. औषधाची बाटली दाखवताना मागे टेबलावर डेबिट कार्ड पडले आहे, हे काढणाऱ्याला दिसत नाही. त्यामुळे खबरदारीचा भार वापरकर्त्यावर टाकून उपयोग नाही.

चित्र फोनबाहेर जायलाच हवे का?

प्रत्येक वेळी नाही. रिझर्व्ह बँकेचे ‘मणी’ अ‍ॅप १ जानेवारी २०२० रोजी आले. ते कॅमेऱ्यासमोरची नोट किती रुपयांची हे सांगते आणि एकदा डाउनलोड केल्यावर त्याला इंटरनेट लागत नाही. अर्थात ‘मणी’ एकच काम करते. खोलीचे किंवा रस्त्याचे वर्णन करायला मोठे एआय मॉडेल लागते. ते सहसा कंपनीच्या सर्व्हरवर असते. मेटाने २०२४ मध्ये सांगितल्यानुसार, अमेरिका व कॅनडात एआयला प्रश्न विचारताना दिलेली चित्रे एआयच्या प्रशिक्षणासाठी वापरली जाऊ शकतात. छोटे मॉडेल फोनवरच चालवण्याची सोय आता काही महागड्या फोनमध्ये आली आहे. ज्यांना तिची सर्वाधिक गरज, त्यांच्या हातात बहुतेकदा स्वस्त फोन असतो.

समोरच्या माणसाचे काय?

चित्रीकरण सुरू असताना या चष्म्यावर छोटा दिवा लागतो. तो झाकल्यास चष्मा तो उघडा करायला सांगतो. मात्र समोरची व्यक्ती अंध असेल तर हा दिवा तिच्या काय कामाचा? अंधांचा कॅमेरा इतरांना खुपतो याची चर्चा होते, या उलट बाजूची फारशी होत नाही.

चेहऱ्यांचा प्रश्न अधिक नाजूक. २०२३ मध्ये काही काळ ‘बी माय आइज’च्या एआयने चेहऱ्यांचे वर्णनच थांबवले होते. चेहऱ्यावरून लोकांची ओळख काढली जाईल, ही ओपनएआयची भीती. इतरांना एका नजरेत जे कळते ते आम्हालाच का नाही, अशी नाराजी अंध वापरकर्त्यांनी व्यक्त केली. पुढे हावभाव आणि पेहराव सांगण्यास मुभा मिळाली, अनोळखी माणसाचे नाव सांगण्यास नाही. भीती पोकळ नव्हती. ऑक्टोबर २०२४ मध्ये हार्वर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी याच चष्म्याला चेहरा शोधणाऱ्या संकेतस्थळाची जोड देऊन अनोळखी लोकांची नावे आणि पत्ते काढून दाखवले.

भारतातील कायदा काय म्हणतो?

डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा २०२३ हा वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी विदा वापरणाऱ्या व्यक्तीला लागू नाही. म्हणजे स्वतःच्या कामासाठी चष्मा घालणारा सुटतो, कंपनी नाही. कंपनीला संमती मागावी लागेल आणि ती सूचना मराठीसह आठव्या अनुसूचीतील भाषांत वाचण्याचा पर्याय द्यावा लागेल. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. संमतीबाबतची ही मुख्य बंधने त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतील. चष्मे मात्र आजच दुकानात आहेत.