गाडी सेकंडहॅण्ड, हक्क फर्स्टहॅण्ड!

‘फर्स्ट ओनर, डॉक्टरांची गाडी, फक्त वीकेण्डला बाहेर काढलेली.’ जुनी गाडी बघायला गेलात आणि ही ओळ कानावर पडली नाही, असं होतच नाही. गावातले समस्त डॉक्टर दर दोन वर्षांनी गाडी विकायला काढतात की काय, असा संशय यावा इतक्या या गाड्या बाजारात असतात. आपलं गणितही ठरलेलं असतं. नोकरीला तीन-चार वर्षं झालेली, पावसाळ्यात बाइकवरून भिजत ऑफिस गाठायचा कंटाळा आलेला आणि नव्या गाडीचा ईएमआय बघितला की घरभाडं आठवतं. मग पावलं आपोआप सेकंडहॅण्डकडे वळतात. त्यात गैर काहीच नाही. बरी गाडी मिळाली तर सौदा फायद्याचाच.

लोचा एकच. विकणाऱ्याला गाडीची कुंडली पाठ असते आणि आपल्याला दिसतो तो फक्त पॉलिश मारलेला चेहरा. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९७० साली याच गोष्टीवर अख्खा पेपर लिहिला, तोही जुन्या गाड्यांच्या बाजाराचं उदाहरण घेऊन. चांगली गाडी कुठली आणि डबडा कुठला हे गिऱ्हाइकाला कळत नसेल, तर तो सगळ्यांनाच कमी भाव देतो आणि मग चांगल्या गाड्या बाजारात यायच्याच बंद होतात, असं त्याचं म्हणणं. बाजारातल्या अशा अर्धवट माहितीवरच्या कामासाठी २००१ साली अर्थशास्त्राचं नोबेल तिघांना विभागून मिळालं, त्यात तो एक होता.

म्हणूनच माझं ठाम मत झालंय : जुनी गाडी घेताना तुमचा हक्क नव्या गाडीच्या तब्येतीवर नसतो, खऱ्या माहितीवर असतो. हा फरक कळला की अर्धी लढाई जिंकली.

एकोणिसावा दिवस

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाहीये. मी पुण्यातल्या एका डीलरकडून ३ लाख ४० हजारांना हॅचबॅक घेतली. मेकॅनिकला सोबत नेलं, टेस्ट ड्राइव्ह घेतली, आरसी तपासली. बिलावर डीलरनेच लिहिलं होतं : ४६,००० किलोमीटर, नॉन-अ‍ॅक्सिडेंटल. एकोणिसाव्या दिवशी खंबाटकी घाटात गिअरबॉक्स बसला. मागच्या सीटवर गुडघ्याचं ऑपरेशन झालेली आई आणि मागे ट्रकांचे हॉर्न. टोइंग येईपर्यंत दोन तास आम्ही कडेला उभ्या.

कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये गाडीचा नंबर टाकल्यावर जुनं रेकॉर्ड निघालं. दोन वर्षांपूर्वीच्या सर्व्हिसिंगला मीटर होतं ८८,०००! म्हणजे मधल्या काळात ही गाडी उलटी चालत होती म्हणायची. डीलरला फोन केला तर उत्तर तयार : ‘मॅडम, सेकंडहॅण्ड आहे, जशी आहे तशी घेतलीत. आणि घरात कोणी सर असतील तर त्यांना फोन द्या ना.’

सर नव्हते. बिल होतं.

कायदा काय म्हणतो?

१९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा गेला आणि त्याच्या जागी २०१९ चा आला. तो जुलै २०२० पासून लागू आहे. त्यात ‘दोष’ कशाला म्हणायचं याची व्याख्या आहे आणि तिच्यात आपल्या कामाचे मोजकेच शब्द आहेत. कायद्याने किंवा कराराने जो दर्जा असायला हवा त्यात उणीव असेल तर तो दोषच, पण विक्रेत्याने कोणत्याही प्रकारे जो दावा केला असेल त्यात उणीव निघाली तर तोही दोष. म्हणजे बिल, जाहिरात, व्हॉट्सअ‍ॅपवरचा मेसेज, सगळं मोजलं जातं. ‘जशी आहे तशी’ या ओळीने खोटं बोलायचं लायसन्स मिळत नाही.

शिवाय मालाच्या दर्जाबद्दल खोटं सांगणं ही ‘अनुचित व्यापारी प्रथा’. बिल न देणं हीसुद्धा तीच. त्यामुळे ‘बिल कशाला, उगाच जीएसटी लागेल’ असं कोणी लाडीगोडीने म्हणालं, तर समजायचं की तो तुमचे पैसे नाही, तुमचा पुरावा वाचवतोय.

पण आपणही भान ठेवायला हवं. सात वर्षांच्या गाडीचे ब्रेक पॅड झिजले, बॅटरी उतरली, क्लच जड झाला, तर तो दोष नाही, ते वय आहे. त्यासाठी भांडायला गेलात तर हात हलवत परत याल. अमेरिकेत सदोष गाड्यांसाठी ‘लेमन लॉ’ नावाचे खास कायदे आहेत. आपल्याकडे तसा वेगळा कायदा नाही. आपली मदार ग्राहक कायद्यावरच.

समोरचा कोण, ते आधी बघा

गाडी विकणं हा ज्याचा धंदा आहे, त्याच्याविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येतं. सोसायटीतल्या काकांनी स्वतःची गाडी विकली तर ते व्यापारी नव्हेत. तिथे ग्राहक कायदा सहसा उपयोगी पडत नाही. त्यांनी जाणूनबुजून फसवलं असेल तर १८७२ चा करार कायदा आहे. फसवून केलेला करार रद्द करून घेता येतो, पण त्यासाठी दिवाणी कोर्टाची पायरी चढावी लागते. तेव्हा काकांच्या गाडीत पाच-दहा हजार वाचत असतील, तर त्या बदल्यात काय सोडतोय ते माहीत असू द्या.

‘आम्ही फक्त मध्यस्थ’ असं म्हणणाऱ्यांपासून जरा सांभाळून. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावं लागतं आणि मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिली की तसं आरटीओला कळवावं लागतं. अधिकारपत्र दाखवा म्हणा. चेहऱ्यावरूनच बरंच कळतं.

मग मी काय केलं?

पहिली गोष्ट, गाडी दुरुस्त केली नाही. दुरुस्त केली की पुरावा गेला. वर्कशॉपकडून लेखी रिपोर्ट आणि जुन्या सर्व्हिसिंगचं रेकॉर्ड घेतलं, मीटरचा फोटो काढला. मग डीलरला लेखी नोटीस, स्पीड पोस्टने आणि ईमेलनेही : पंधरा दिवसांत गाडी परत घ्या आणि पैसे द्या. त्याने ढिम्म दाद दिली नाही. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, नंबर १९१५. तिथून डीलरकडे विचारणा होते, बरेचदा एवढ्यावरच मिटतं. माझं मिटलं नाही. शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली.

इथे भल्याभल्यांचे पाय थरथरतात, म्हणून नीट सांगते. तुम्ही दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगच. ५ लाखांपर्यंत फी शून्य, ५ ते १० लाखांना २०० रुपये. वकील लावलाच पाहिजे असं नाही. डीलर दिल्लीचा असला तरी तुम्ही राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची. आणि ऑनलाइन दाखल करायला २०२५ पासून ‘ई-जागृति’ पोर्टल आहे, म्हणजे लंच ब्रेकमध्येसुद्धा जमेल.

कायद्यात निकालाचं लक्ष्य तीन महिन्यांचं, मालाची तपासणी लागली तर पाच महिन्यांचं. प्रत्यक्षात तारखा पडतात. मला सात महिने लागले, तेही डीलर मध्यस्थीला तयार झाला म्हणून. गाडी त्याने परत नेली, पूर्ण किंमत आणि टोइंगचा खर्च दिला. त्या सात महिन्यांचं रिक्षाभाडं मात्र माझ्याच खिशातून गेलं. डीलरसमोर बसलेल्या मध्यस्थांनी मला एकच कागद मागितला होता, तो बिलाचा.

सही करण्याआधी एवढं कराच

• किलोमीटर, अपघात, पूर, मालक कितवा, हे चारही मुद्दे बिलावर लिहून घ्या.
• गाडीचा नंबर देऊन अधिकृत वर्कशॉपमधलं सर्व्हिसिंगचं रेकॉर्ड आणि विम्याच्या क्लेमचा इतिहास मागा.
• कार्पेट उचलून खाली गाळ आणि गंज बघा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. अशा पुरात बुडालेल्या गाड्या धुऊनपुसून पुन्हा विकायला येऊ शकतात.
• कर्ज फिटलंय का आणि चलान थकलंय का, ते तपासा.
• आरसी तुमच्या नावावर करायचा अर्ज ३० दिवसांत आणि विमा नावावर करायचा अर्ज १४ दिवसांत गेलाच पाहिजे. नाहीतर तुमच्या गाडीचं नुकसान झालं तर भरपाई मिळताना वांधे होतील.

आता पुढच्या वेळी कोणी ‘डॉक्टरांची गाडी आहे’ म्हणालं, तर वाद घालत बसू नका. छान हसा आणि म्हणा, ‘वा! एवढंच जरा बिलावर लिहून द्या ना.’ पेन पुढे आला तर चहा घ्या आणि बोलणी सुरू करा. पेन सापडेनासा झाला तर चहासुद्धा घेऊ नका.