रद्दीचा भाव आणि जुन्या अंकांचे मोल

दिवाळी जवळ आली की मध्यमवर्गीय मराठी घरात माळा आवरण्याची मोहीम निघते. माळ्यावरून उतरणाऱ्या वस्तूंत तांब्या-पितळेची भांडी असली तर ती पुसून पुन्हा जपून ठेवली जातात. मोडक्या खुर्चीविषयीदेखील घरात दोन मते पडतात. सुतळीने बांधलेले जुन्या मासिकांचे गठ्ठे उतरले की मात्र सहसा एकमत होते. 'चांदोबा'चे अंक, कोपरे दुमडलेली 'इंद्रजाल कॉमिक्स', मुखपृष्ठ निसटलेले दिवाळी अंक, 'किर्लोस्कर', 'स्त्री', 'किशोर' असा सारा ऐवज दाराशी आलेल्या रद्दीवाल्याच्या तराजूत पडतो आणि किलोच्या हिशेबाने त्याची वासलात लागते. त्यातही वर्तमानपत्राच्या रद्दीला भाव थोडा अधिक, कारण तो कागद मोठा आणि पुड्या बांधायला सोयीचा. मासिकाच्या लहान पानाला बाजारात तेवढीही पत नाही.

याच गठ्ठ्यातला एखादा अंक वाट चुकून जाणत्या माणसाच्या हाती पडला, तर त्या एका अंकासाठी काही शे, क्वचित काही हजार रुपये मोजणारी माणसे आज त्याच शहरात राहतात. एकच वस्तू, एकच दिवस आणि दोन किमती. विकणाऱ्याला माहिती नव्हती, एवढे स्पष्टीकरण अर्थशास्त्राच्या प्राथमिक पुस्तकाला पुरते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. मुळात ज्या वस्तूला चाळीस वर्षे कोणी किंमत दिली नाही, ती किंमत येईपर्यंत शिल्लक कशी राहिली, हा खरा प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर बाजाराजवळ नसून काही छांदिष्ट माणसांच्या कपाटात आहे.

ही माणसे कोण? श्रीमंत तर बहुधा नव्हेतच. कोणी शाळेत शिक्षक, कोणी बँकेत कारकून, कोणी टपाल खात्यातून निवृत्त झालेले. रविवारची सकाळ पुण्यात आप्पा बळवंत चौकाच्या आसपास, मुंबईत हुतात्मा चौकाजवळच्या किंवा माटुंग्याच्या पदपथावर ओणवे बसून घालवायची आणि दुपारी पिशवीत दोन-चार अंक घेऊन घरी परतायचे, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा क्रम. २००५ साली मुंबई महापालिकेने हुतात्मा चौकातील पुस्तकविक्रेत्यांवर कारवाई केली तेव्हा शहराचे पदपथ मोकळे झाले असे अनेकांना वाटले. या मंडळींचे मात्र सार्वजनिक ग्रंथालयच उठले. घरात त्यांच्या छंदाचे कौतुक क्वचितच झाले आहे. दोन खोल्यांच्या जागेत एक कपाट 'त्या कागदांनी' अडवलेले असावे, याचा राग गृहिणीला न यावा तरच नवल.

या संग्राहकांत 'इंद्रजाल'चे चाहते हा एक मोठा वर्ग आहे. टाइम्स ऑफ इंडिया प्रकाशनाने मार्च १९६४ मध्ये ही माला सुरू केली. ली फॉक या अमेरिकन लेखकाचे फँटम आणि मँड्रेक हे दोन नायक तिने मराठीसह अनेक भारतीय भाषांत आणले. मूळ कथांतील 'बंगाला' हा देश वंग देशाशी नामसाधर्म्य नको म्हणून 'डेंकाली' झाला आणि मराठी मुलांसाठी फँटम 'वेताळ' झाला. आधी मासिक, मग पाक्षिक आणि पुढे साप्ताहिक होत होत १९९० साली ती बंद पडली तेव्हा एकंदर ८०३ अंक निघाले होते. १९७६ पासून आबिद सुरती यांचा 'बहादूर' हा देशी नायकही तिच्यात अवतरला. संग्राहकांच्या वर्तुळात एक गोष्ट नेहमी निघते. क्रमांक १२३ आणि १२४ हे अंक मुळात निघालेच नाहीत. छापखान्यातील संपामुळे ते राहून गेले. नवशिका संग्राहक ते अंक शोधत दुकाने पालथी घालतो आणि मुरलेला विक्रेता त्याला नाही न म्हणता 'पुढच्या महिन्यात या' म्हणतो.

'वेताळ' हे नाव मराठी मुलांना नवे नव्हते. १९४७ च्या जुलैत मद्रासमध्ये तेलुगू आणि तमिळ भाषांत निघालेले 'चांदमामा' १९५२ पासून 'चांदोबा' या नावाने मराठीत येऊ लागले होते, आणि विक्रमाच्या खांद्यावर लोंबकळणारे वेताळाचे प्रेत शंकर या चित्रकाराच्या कुंचल्यातून घरोघरी पोचले होते. एक वेताळ स्मशानातला, दुसरा गुहेतला. एक प्रश्न विचारी, दुसरा हनुवटीवर कवटीचा ठसा उमटवी. शाळेत दोघांचेही अंक जप्त होत. जप्त करणाऱ्या गुरुजींनी ते नंतर शिक्षकखोलीत वाचले नाहीत, असे कोणी छातीठोकपणे सांगू नये.

मायकेल थॉम्पसन या ब्रिटिश अभ्यासकाने १९७९ साली कचऱ्याविषयी एक पुस्तक लिहिले. त्यातील विचार असा की, रोजच्या वापरातील वस्तूची किंमत हळूहळू घसरत शून्यावर येते. बहुतेक वस्तू तेथेच संपतात. मात्र काही थोड्या वस्तू त्या शून्यावस्थेतून तरून जातात आणि पुढे टिकाऊ मोलाच्या म्हणून ओळखल्या जाऊ लागतात. त्यानंतर त्यांची किंमत वाढतच जाते. वापरातली वस्तू थेट मोलाची होत नाही, तिला मध्ये कचऱ्याच्या प्रदेशातून जावे लागते. जुन्या मासिकांच्या बाबतीत हे फारच चपखल लागू पडते. सारी जोखीम त्या मधल्या काळात असते. त्या काळात अंक जपून ठेवण्याचे कोणतेही व्यापारी कारण नसते. उलट जागा, वाळवी, कसर आणि घरच्यांचे टोमणे हा खर्च मात्र असतो. नफ्याची आशा नसताना हा खर्च सोसणारा माणूस म्हणजे संग्राहक.

नफ्याची आशा धरून साठवले तर काय होते, याचा धडा अमेरिकेने गिरवून झाला आहे. जून १९३८ चा 'ॲक्शन कॉमिक्स'चा पहिला अंक, ज्यात सुपरमॅन प्रथम प्रकटला, दहा सेंटला मिळत होता. सुमारे दोन लाख प्रती छापल्या गेल्या. आज शंभराच्या आसपास उरल्या असाव्यात असे मानतात. बाकीच्या कोठे गेल्या? मुलांनी वाचून फाडल्या, आयांनी फेकल्या, दुसऱ्या महायुद्धात कागद गोळा करण्याच्या मोहिमांत गेल्या. पुढे चित्रकथांनी मुले बिघडतात अशी हाकाटी झाली आणि १९४८ च्या सुमारास काही गावांत कॉमिक्सच्या चक्क होळ्या पेटल्या. त्या अंकाची एक उत्तम स्थितीतील प्रत २०२४ साली लिलावात साठ लाख डॉलरला गेली. अशा वार्ता ऐकून १९९० नंतर तेथील हजारो लोकांनी नवी कॉमिक्स पेट्या भरभरून घेऊन ठेवली. १९९१ मधील 'एक्स-मेन'च्या एका अंकाच्या ऐंशी लाखांहून अधिक प्रती खपल्या. १९९२ मध्ये सुपरमॅनच्या मृत्यूचा अंक काळ्या पिशवीत बंद करून विकला गेला आणि कित्येकांनी ती पिशवी उघडलीच नाही. जी वस्तू प्रत्येकाने जपली ती दुर्मीळ कशी होणार? भाव कोसळले, दुकाने बंद पडली आणि डिसेंबर १९९६ मध्ये 'मार्व्हल'सारख्या बड्या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. मोल आले ते न जपलेल्या अंकाला. जपलेल्या अंकाला ते आले नाही.

त्याच देशात २००० सालापासून आणखी एक प्रथा रुजली. अंक तज्ज्ञांकडे पाठवायचा, त्यांनी त्याच्या स्थितीला दहापैकी गुण द्यायचे आणि पारदर्शक कडक आवरणात तो कायमचा बंद करायचा. आवरण फोडले तर गुण रद्द. म्हणजे महागड्या अंकाची पहिली अट अशी की, तो पुन्हा कधीही वाचला जाऊ नये. शेअर दाखल्यासारखे हे कागद हातोहात फिरतात. त्यात गैर काही नाही. पण त्याला मासिकांचा संग्रह का म्हणावे, हे कळत नाही.

मराठी संग्राहकाची दृष्टी अजून तरी वेगळी आहे. फिरत्या वाचनालयाचा जांभळा शिक्का, पानावर शाईने लिहिलेले 'कु. अमुक, इयत्ता ६ वी', शब्दकोड्यात कोणीतरी भरलेली चुकीची उत्तरे, या गोष्टींनी अमेरिकेत अंकाचे गुण कापले जातात. येथे तोच अंकाच्या प्रवासाचा दाखला ठरतो. एक अंक किती घरांतून फिरला, हे कोणत्याही खपाच्या आकड्यात सापडत नाही. ते त्या शिक्क्यांत सापडते.

सामाजिक आणि आर्थिक इतिहासाच्या अभ्यासकाला या कपाटांची गरज किती आहे, हे जुन्या वाचनालयात एकदा जाऊन आल्यावर पटते. तेथे मासिकांच्या सुबक बांधणी केलेल्या फाइली असतात. परंतु बांधणाऱ्याने अनेकदा मुखपृष्ठे काढलेली आणि जाहिरातींची पाने 'निरुपयोगी' म्हणून गाळलेली असतात. शिवाय कडा कापताना ओळींची टोकेही जातात. साबण कितीला होता, शिवणयंत्र हप्त्याने मिळत असे काय, कोणत्या औषधाने कोणता रोग बरा होतो असे सांगितले जाई, गृहिणीला कोणत्या शब्दांत साद घातली जाई, हे सारे त्या गाळलेल्या पानांतच होते. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातून १९२० साली 'किर्लोस्कर खबर' निघाली तीच मुळी उद्योगाच्या पोटी; तिच्या जाहिराती वगळून तिचा इतिहास लिहिणे म्हणजे जमाखर्चाच्या वहीतून जमेची बाजू फाडून टाकणे होय.

सरकारने याची काळजी घेतली नाही असे नाही. १९५४ च्या कायद्यानुसार प्रत्येक प्रकाशकाने आपल्या पुस्तकाची प्रत कलकत्त्याचे राष्ट्रीय ग्रंथालय आणि मुंबई, मद्रास, दिल्ली येथील ठरावीक ग्रंथालयांना विनामूल्य द्यावयाची आहे. १९५६ च्या दुरुस्तीने नियतकालिकेही त्यात आली. न दिल्यास दंड आहे, तो पन्नास रुपयांपर्यंत. आजच्या दिवाळी अंकाची एक प्रत पाठविण्याचा खर्च या दंडाहून अधिक आहे, तेव्हा कायदा मोडणे हेच काटकसरीचे ठरते. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढून जी प्रथा पाडली तिला शंभर वर्षे उलटून गेली. दरवर्षी शेकड्यांनी अंक निघतात. त्या साऱ्यांचा एका जागी संग्रह शोधू गेले तर हाती निराशाच येते.

लघुअनियतकालिकांची तऱ्हा त्याहून बिकट. १९६९ साली त्या चळवळीतील तरुणांनी प्रस्थापित साहित्याचा निषेध म्हणून 'सत्यकथे'ची होळी केली. 'सत्यकथा' १९८२ मध्ये बंद पडली, तरी तिचे अंक अजून पुष्कळ ठिकाणी मिळतात. होळी करणाऱ्यांचे स्वतःचे, सायक्लोस्टाइल यंत्रावर हलक्या कागदावर काढलेले अंक मात्र मिळता मिळत नाहीत. दोन्ही आज एकाच संग्राहकाच्या कपाटात शेजारी शेजारी नांदतात.

आता अंक संगणकावर आले, मग कागद सांभाळण्याचा हव्यास कशाला, असा प्रश्न विचारला जातो. १९७१ साली सुरू झालेल्या 'किशोर'चे जुने अंक बालभारतीने संकेतस्थळावर विनामूल्य खुले केले, हे काम निःसंशय स्तुत्य आहे. मालकी सार्वजनिक संस्थेची असल्याने ते होऊ शकले. 'चांदोबा'ची कथा निराळी झाली. २००७ साली ते मासिक एका सॉफ्टवेअर कंपनीच्या हाती गेले, जुने अंक संकेतस्थळावर आले, अनेकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पुढे २०१३ च्या सुमारास छापील अंक थांबला आणि काही वर्षांत ते संकेतस्थळही मिटले. त्या सुटकेच्या निःश्वासासरशी किती घरांतून गठ्ठे रद्दीत गेले असतील, त्याची गणती नाही.

आता किंमत येऊ लागल्याने नवे प्रश्न उभे राहात आहेत. बांधीव फाइली उसवून सुटे अंक विकणारे व्यापारी निघाले आहेत, कारण बारा सुट्या अंकांचे पैसे एका फाइलीच्या कितीतरी पट होतात. हुबेहूब रंगीत प्रत काढून मुखपृष्ठ डकवलेले अंकही बाजारात येतात. पगारावर जगणारा जुना संग्राहक या चढाओढीतून हळूच मागे सरतो. किमतीमुळे उरलेले अंक रद्दीत जाणे थांबेल, हे मान्य केले पाहिजे. पण ती किंमत मोजके वीर आणि मोजके पहिले अंक यांनाच मिळते. १९५८ सालच्या कोणा जिल्हा मासिकाचा सप्टेंबरचा अंक आजही शून्यावरच उभा आहे, आणि उद्या अभ्यासकाला कदाचित तोच लागेल.

तो ज्याच्यापाशी आहे तो संग्राहक सत्तरीच्या पुढचा असतो. मुले परगावी किंवा परदेशी. कपाटात काय आहे याची यादी त्याच्या डोक्यात, फार तर एका दोनशेपानी वहीत. तो गेल्यावर घरचे लोक आधी प्रामाणिकपणे ग्रंथालयालाच विचारतात. ग्रंथालय अर्ज मागते, यादी मागते, अंक बांधलेले आहेत का ते विचारते, जागेची अडचण सांगते आणि विषय कार्यकारी मंडळाच्या पुढील सभेत ठेवू असे कळवते. जागा महिनाअखेर रिकामी करून द्यायची असते. रद्दीवाला फक्त वजन विचारतो, आणि त्याच दिवशी येतो.