कुत्रा घरी आणण्याआधी

शिरपूरला मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. कुत्र्याला अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकून अंग थंड करतो. म्हणून दाट केसांच्या हस्कीपेक्षा गावठी पिल्लाला इथली हवा मानवते. दुपारी डांबरावर हात टेकवून पाहा; चटका बसला, तर त्याचे तळवेही भाजतील.

कुत्रा १०-१२ वर्षे जगतो. आज हट्ट धरणारा पाचवीतला मुलगा तोवर शिकायला बाहेरगावी गेलेला असेल. मग फिरवणार कोण? लग्नसराईत सांभाळणार कोण? पिल्लाला सहा-आठ आठवड्यांपासून पार्व्हो-डिस्टेंपरची लस, तीन महिन्यांचे झाल्यावर रेबीजची, पुढे दरवर्षी.

हे निभणार असेल, तरच आणा. पाळलेला कुत्रा रस्त्यावर सोडणे हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे.