नळाचं पाणी स्वच्छ दिसतं, पण त्यात क्षार किती? तपासणी अशी करून घ्या

आदिलाबाद : डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, गिझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो. शहरातल्या अनेक घरांत ही तक्रार ऐकू येते. ‘पाणी जड आहे’ एवढं म्हणून विषय संपतो. पण पांढरा थर डोळ्यांना दिसतो. फ्लोराईड आणि नायट्रेट दिसत नाहीत, त्यांची चवही लागत नाही.

क्षार येतात कुठून?

जिल्ह्यात काळ्या कातळासोबत पैनगंगेच्या खोऱ्यातला चुनखडीचा दगडही आहे. याच चुनखडीवर इथं सिमेंट कारखाना उभा राहिला होता. जमिनीत मुरलेलं पाणी अशा दगडातून कॅल्शियम, मॅग्नेशियम घेऊन बोअरमध्ये येतं. मिशन भगीरथचं पाणी धरण-नदीचं असल्याने त्यात क्षार सहसा कमी असतात. अडचण अशी की बऱ्याच घरांत नळाचं आणि बोअरचं पाणी एकाच टाकीत पडतं. मग दोष नेमका कशात, ते कळत नाही.

किती असेल तर चालतं?

भारतीय मानक १०५००:२०१२ प्रमाणे एक लिटर पाण्यात इतकं प्रमाण योग्य मानलं जातं. कंसातली मर्यादा पाण्याचा दुसरा स्रोतच नसेल तेव्हाची.

- विरघळलेले एकूण क्षार (टीडीएस) : ५०० मिलिग्रॅम (२०००)
- कठीणपणा : २०० मिलिग्रॅम (६००)
- फ्लोराईड : १ मिलिग्रॅम (१.५)
- नायट्रेट : ४५ मिलिग्रॅम, यात सूट नाही

फ्लोराईडकडे जास्त लक्ष द्यायला हवं. दात तयार होण्याच्या वयात, म्हणजे साधारण आठ वर्षांपर्यंत, मुलांच्या पोटात ते जास्त गेलं तर दातांवर कायमचे डाग पडतात. वर्षानुवर्षे प्यायलं तर हाडं आणि सांधे आखडतात. नलगोंड्याने हे भोगलं आहे. पैनगंगेपलीकडे यवतमाळच्या केळापूर तालुक्यातही हा त्रास आहे. नायट्रेट खत आणि सांडपाण्यातून येतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ते घातक ठरू शकतं.

टीडीएस मीटरवर विसंबू नका

फिल्टर विकायला येणारा माणूस मीटर बुडवून आकडा दाखवतो. तो आकडा सगळ्या क्षारांचा मिळून असतो. टीडीएस ३०० असूनही फ्लोराईड २ असू शकतं. त्यासाठी प्रयोगशाळेतच तपासावं लागतं. ग्रामीण पाणीपुरवठा विभागाच्या प्रयोगशाळा जल जीवन मिशनखाली सर्वसामान्यांसाठी खुल्या केल्या आहेत. फी नाममात्र असते.

नमुना असा घ्या

१. एक लिटरची स्वच्छ प्लास्टिकची बाटली घ्या. फ्लोराईडसाठी काचेची नको.
२. नळाला पाणी आल्यावर दोन-तीन मिनिटं वाहू द्या. त्याच पाण्याने बाटली तीनदा विसळून काठोकाठ भरा.
३. नगरपालिकेचा नळ, बोअर आणि टाकी यांचे नमुने वेगवेगळे घ्या. बाटलीवर जागा, तारीख, वेळ लिहा.
४. त्याच दिवशी पोचवा आणि फ्लोराईड, नायट्रेट, कठीणपणा तपासायचा आहे असं स्पष्ट सांगा.

रिपोर्ट आल्यावर

दोष फक्त बोअरमध्ये निघाला तर ते पाणी धुण्या-भांड्याला ठेवा, पिण्यासाठी नळाचं वेगळं भरा. नळाच्याच पाण्यात निघाला तर रिपोर्टची प्रत जोडून नगरपालिकेत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

पाणी उकळल्याने जंतू मरतात, थोडा कठीणपणाही कमी होतो. फ्लोराईड मात्र जात नाही. उलट पाणी आटलं की त्याचं प्रमाण वाढतं. कॅन्डल किंवा यूव्ही फिल्टरनेही ते निघत नाही, त्यासाठी आरओ लागतो. पण टीडीएस ५०० च्या आत आणि फ्लोराईड, नायट्रेट मर्यादेत असेल तर आरओवर हजारो रुपये घालायची गरज नाही. त्यामुळे आधी रिपोर्ट, मग खरेदी.

उन्हाळ्यात बोअरची पातळी खाली गेली की क्षारांचं प्रमाण बदलतं. म्हणून वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, तपासणी करून घेतलेली बरी.